लाझारची दोन बोटं

पॅरिस, २ मार्च १७८४

प्रिय पेरीनताईस, लाझारचा शि. सा. न. वि. वि.

ईस्टरच्या मैफलीत माझी व्हायोलिनची नवी रचना व्हायची ठरली आहे. पण ताई, हिवाळ्यापासून डाव्या हाताची शेवटची दोन बोटं वळत नाहीत. आधी वाटलं, गारठा असेल. वैद्याने तेल दिलं, पट्ट्या बांधल्या. आता तो नुसती मान हलवतो. मी रचलेलं मलाच वाजवता येत नाही. सातव्या वर्षापासून बाबांनी ही बोटं घडवली. त्यांना हे वाचून दाखवू नकोस.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा लाझार

दिजों, ११ मार्च

चि. लाझारास अनेक आशीर्वाद.

वेड्या, ती सूचना पहिल्या ओळीत लिहायची होतीस. बाबांची नजर गेल्यापासून तुझी पत्रं मी मोठ्यानेच वाचते. शेवटच्या ओळीला पोचले तोवर त्यांचं सगळं ऐकून झालं होतं. पुढ्यातलं सूप निवून गेलं. मग म्हणाले, तुझी शिष्या सिदोनी आहे ना, तिला वाजवू दे. आणि मला बजावलं, तो रडत असेल तर रडू दे, लगेच शहाणपण शिकवू नकोस. म्हणून शिकवत नाही. वेळेवर जेवत जा.

तुझीच, ताई

पॅरिस, १२ एप्रिल

ताईस सा. न.

काल सिदोनीने वाजवलं. मी मागच्या बाकावर होतो. मधला संथ भाग तिने माझ्याहून सावकाश घेतला, आणि तेच बरोबर होतं. लोक उभे राहिले. तिने माझ्याकडे हात केला, पण मला उठवेना. मत्सर वाटला, खोटं कशाला सांगू? नंतर माझं व्हायोलिन तिलाच देऊन टाकलं. आता इथे माझं काय काम? पण हा हात घेऊन बाबांसमोर कसा येऊ? त्यांना विचारून कळव.

लोभातला, लाझार

दिजों, १७ एप्रिल

चि. लाझारास आशीर्वाद.

विचारायला बाबा राहिले नाहीत रे. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी सकाळी गेले. छातीत कफ साठला होता. मैफल होईपर्यंत तुला कळवायचं नाही, अशी शपथ घातली होती मला. मी म्हटलं, तो कुठे वाजवणार आहे? तर म्हणाले, त्याला ऐकायचं तर आहे.

माती तुझ्याविना दिली. रागवायचं तर इथे येऊन रागाव.

काल त्यांचे शिष्य वाद्यं घेऊन दारात उभे होते, शिकवणी होणार का विचारत. मी सांगून टाकलं, नवे मास्तर पुढच्या सोमवारी येताहेत.

वाट पाहणारी,
पेरीन