तीन पॉइंट दोन, पण काय?

ती. दाजींना भीत भीत नमस्कार.

तुमचा गुडघा आता किती वाकतो? (डॉक्टर अंशात सांगतात ते नको, जिना चढता का ते लिहा.) इकडे ताई खुशाल आहे.

तुमच्या आईचं आरशाचं कपाट नव्या घरी पोचवायचं काम तुम्ही माझ्यासारख्या सुतारावर विश्वासाने सोपवलंत. आरसा फुटेल, आडवं करायचं नाही, ही ताईची ताकीद. म्हणून टेम्पोत कपाट उभं आणि त्याला मिठी मारून मी. रेल्वेच्या पुलाआधी पाटी आली, ‘पूल ५००’. पाचशे फूट, पाचशे मीटर की आजवर अडकलेली पाचशे माणसं, याचा काही खुलासा नाही. पुढच्या पाटीवर वर एक काळा त्रिकोण, खाली एक, आणि मधे चिरडल्यासारखं ‘३.२’, म्हणजे पुलाखालची उंची. मी बोंब मारून टेम्पो थांबवला. टेम्पोवाला म्हणाला, “अहो, रोज जातो मी इथून!” (रोज कपाट घेऊन जातो का?)

मी टेप लावला. जमिनीपासून कपाटाच्या माथ्यापर्यंत दहा फूट दोन इंच. आता आम्ही सुतार मीटरला तीन फूटच धरतो, वरचं करवतीत जातं. तीन पॉइंट दोन मीटर धरून तीनने गुणलं, नऊ पॉइंट सहा, म्हणजे नऊ फूट सहा इंच. आठ इंच जास्त! मागे हॉर्नचा कल्लोळ, वरून गाडी धडधडत चाललेली, आणि डोळ्यांसमोर आरशाचे तुकडे आणि ताई. (पुलापेक्षा ताईची भीती मोठी, हे तुम्हाला काय सांगायचं.) करवत पिशवीत होतीच. भीतीचा एक इंच धरून कपाटाचे फूटभर पाय नऊ-नऊ इंच कापले. चौथा पाय पडतोय तोच शेजारून गवताचा ट्रक, आमच्या मूळ उंचीहून चार बोटं उंच, निवांत पुलाखालून गेला. मी तिथेच रस्त्यावर बसलो.

कपाट आरशासकट सुखरूप आहे. फक्त आरशात आता माणूस गळ्यापर्यंतच दिसतो.

लोभ शिल्लक असेल तर असू द्यावा.

तुमचा मेहुणा

ता. क. ‘पाय कापूनच ने’ असं तुम्हीच पत्राने कळवलं होतंत, असं ताईला सांगितलंय. तेवढं पत्र मागची तारीख घालून ताबडतोब पाठवा.

पुन्हा ता. क. अहो, अक्षर ओळखलंत ना? पाकीट चिकटवायला याने माझ्याकडेच दिलं. तारीख घालायचे कष्ट घेऊ नका. नऊ इंच म्हणतो, तुकडे मी मोजले, अकरा-अकरा इंच भरले. हा सध्या कपाटात लपलाय. कपाटाखाली आता मावत नाही.