दोरा तुटला तेवढा वेळ

प्रिय विनू,

काल जोसेफ दुकानात आला होता. तुझा ड्रमवाला जोसेफ! तुमचा बँड आता टीव्हीवर दिसतो, ठाऊक आहे? नाव होण्याआधीच्या गाण्यांची सीडी काढताहेत म्हणे, आणि तुझ्या हातचं एकच गाणं उरलंय, माझ्या खणात. "अण्णा, कॅसेट कोडी, द्या ती," म्हणाला. "सुरुवातीचं बोलणं आणि मधला रिकामा भाग तेवढा कापून घेतो."

उद्या ये म्हटलं. आज दुकान उघडलं नाही. आत बसून चार वर्षांनी ती कॅसेट लावली, म्हणून हे पत्र.

आधी तुझा आवाज येतो. "अण्णा, स्वल्प मशीन थांबव ना. एकच गाणं." आणि माझं शिलाई मशीन चालूच. किती वेळा मागे घेऊन ऐकलं! दर वेळी वाटतं, आता थांबेल. थांबत नाही रे.

शाळा उघडायच्या होत्या, युनिफॉर्मचा ढीग पडला होता, हे खरं. पण मला राग आला होता. कापडाच्या ताग्यांमुळे आवाज बाहेर जात नाही म्हणून तू कटिंगच्या टेबलावर टेपरेकॉर्डर मांडलास, विचारलंसही नाहीस. बाबांमागे शिवाजीनगरचं हे दुकान मी एकट्याने ओढायचं आणि तू गिटार बडवायची! तुमच्या त्या फंक संगीताला मी उचकी लागलेलं गाणं म्हणायचो. तू हसायचास. एकदा तरी चिडायचं होतंस ना!

जोसेफचे ड्रम दुकानात मावत नव्हते. तू एकटाच बसलास, ती जाड तारांची बेस गिटार घेऊन. मी मुद्दाम जोरात पाय मारत राहिलो. महिन्याभरात तुला कावीळ झाली, ती उतरलीच नाही. तुझं गाणं मी नासवलं, हेच इतकी वर्षं मनात धरून होतो.

आज शेवटपर्यंत ऐकलं. मध्येच माझा दोरा तुटतो. मशीन बंद. आणि विनू, तूही थांबतोस! मी सुई ओवेपर्यंत काही नाही, फक्त आपल्या दोघांचा श्वास. मग माझा पाय पडतो आणि त्याच टाक्याला तू सुरू. सगळं गाणं माझ्या मशीनच्या ठेक्यावर धरलं होतंस? मी तुझ्यासाठी एका गाण्यापुरता थांबलो नाही, आणि तू माझ्या दोऱ्यासाठी थांबलास.

तू गेल्यापासून शिवताना टाक्यांच्या मधून तुझा बेस ऐकू येतो. पाय थांबला की तोही थांबतो. कोणाला सांगू? कधी कधी काम नसलं तरी मी रिकामं मशीन चालवतो.

उद्या जोसेफला कॅसेट देईन, पण त्यातलं काही कापू देणार नाही. आणि त्याआधी एकदा लावीन. तू म्हणशील, "एकच गाणं." मी मशीनवरून पाय खाली घेऊन बसेन.

वाजव, विनू. मी थांबलोय.

तुझाच,
अण्णा