दहा फुटांवरून

दादा,

परवा आम्ही हॉलसाठी नवा टीव्ही घेतला. दुकानातल्या मुलीने आधी एकच विचारलं, "मॅडम, सोफा आणि भिंत यांच्यात अंतर किती?" तुमचे जावई म्हणाले, असेल नऊ-दहा फूट. मग तिने समजावून सांगितलं की एवढ्या अंतराला पंचावन्न इंची चालेल, चित्र आता इतकं स्पष्ट असतं की सहा-सात फुटांवर बसलं तरी काही बिघडत नाही, पूर्वीसारखं लांब बसायचे दिवस गेले. ती चांगलं सांगत होती, हसून सांगत होती. मी मात्र तिथून उठले आणि बाहेर पायरीवर जाऊन उभी राहिले. ह्यांना वाटलं चक्कर आली. मी म्हटलं, ऊन लागलं असेल. तुम्ही जाऊन सत्तावीस वर्षं झाली, माझी साठी जवळ आली, आणि अजून "दहा फूट" हे दोन शब्द कुणी उच्चारले की मला कुणीतरी मागे ओढल्यासारखं होतं.

नाशिकला टीव्ही नीट दिसू लागला तेव्हा मी आठवीत होते, धाकटी चौथीत. तुम्ही सातपूरच्या कारखान्यात तपासणी खात्यात होतात. मशीनवरून निघालेला प्रत्येक तुकडा मापाला लावायचा, बसला तर पुढे पाठवायचा, नाही बसला तर बाजूला टाकायचा, हे तुमचं काम. केसाएवढी चूकही तुमच्या नजरेतून सुटत नाही असं कॉलनीत लोक म्हणायचे, आणि आई ते ऐकून पदर सावरायची. त्या दिवाळीच्या आधी तुमच्या फोरमनकडे चौदा इंची टीव्ही आला. पुढच्याच आठवड्यात तुम्ही मला घेऊन द्वारका चौकाजवळच्या एका दुकानात गेलात. दुकानदार म्हातारे होते, घाईचे नव्हते. त्यांनीही परवाच्या मुलीसारखंच विचारलं, "खोली केवढी आहे?" तुम्ही म्हणालात, दहा बाय दहा. त्यावर ते म्हणाले, "मग चौदा इंचीच घ्या. वीस इंचीला निदान दहा फूट लांब बसावं लागतं. जवळून बघाल तर चित्राऐवजी नुसत्या रेघा दिसतील, आणि पोरांच्या डोळ्यांना त्रास." तुम्ही वीस इंचीवर हात ठेवून म्हणालात, "हाच द्या. दहा फुटांचं आम्ही बघून घेऊ."

ते तुम्ही बघून घेतलंत. टीव्हीची लाकडी दारांची ती पेटी पुढच्या खोलीत भिंतीला लावली तेव्हाच दोन फूट गेले. आतल्या भिंतीपर्यंत उरले आठ. तुम्ही खिशातून टेप काढलात, काचेपासून मोजत मोजत उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात गेलात आणि तिथे फरशीवर लाल रंगाची रेघ मारलीत. आम्ही दोघी बहिणींनी त्या रेघेच्या मागे बसायचं, आणि दाराच्या चौकटीतून दिसेल तेवढं बघायचं. तिथे आईचा स्टोव्ह होता, पोळपाट होता. ते सगळं मागच्या पत्र्याच्या पडवीत गेलं. पडवीत वाऱ्याने स्टोव्ह विझायचा, म्हणून आईने डब्यांचे पत्रे कापून त्याच्याभोवती उभे केले. घरात टीव्ही आला आणि आई घराबाहेर गेली, असं मला आज वाटतं. तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही, बहुतेक तिलाही. तुमची खुर्ची मात्र पुढच्या खोलीतच राहिली, काचेपासून सहा फुटांवर. मोठ्या माणसांच्या डोळ्यांना काही होत नाही, असं तुम्ही सांगितलंत. रविवारी सिनेमाला शेजारची वीस-पंचवीस माणसं यायची, ती तर टीव्हीच्या पायाशी बसायची. त्यांना रेघ नव्हती.

त्या रेघेमागून मला काही दिसत नव्हतं, दादा. उजेड हलताना दिसायचा. काळं-पांढरं मिसळलेलं काहीतरी, बादलीत एकत्र भिजवलेल्या कपड्यांसारखं. धाकटी माझ्या कानाशी लागून सांगायची, "आता ती रडतेय. आता तो आलाय, त्याच्या हातात बॅग आहे." सुरुवातीला मला वाटायचं, सगळ्यांना असंच दिसतं आणि धाकटी फक्त हुशार आहे. रविवारी मात्र मी पाहुण्यांच्या पोरांत घुसून अगदी पुढे बसायची, आणि तेव्हा माणसांना डोळे असायचे, दात असायचे. मग बाकीच्या वारीही मी हळूहळू पुढे सरकू लागले. आधी रेघेवर, मग उंबऱ्यावर, मग तुमच्या खुर्चीच्या मागे.

एक संध्याकाळ मला आजही समोर दिसते. बातम्या चालू आहेत. तुमचे फोरमन चहा घ्यायला आलेत. मी खुर्चीमागून पुढे येते, पेटीपासून हातभर अंतरावर जाऊन उभी राहते, कारण बातम्या सांगणाऱ्या बाईंनी केसात फूल घातलंय असं धाकटी म्हणते आणि ते मला बघायचंय. तुम्ही उठता. मला तुम्ही दिसत नाही, नुसता आवाज ऐकू येतो. कानाखाली बसते. "किती वेळा सांगायचं? आंधळी व्हायचंय का?" फोरमन म्हणतात, जाऊ द्या हो, पोर आहे. पडवीतून आई येते, पिठाचे हात तसेच, आणि एवढंच म्हणते, "अहो, तिला लांबून दिसत नसेल." तुम्ही तिच्याकडे वळून म्हणता, "सगळं दिसतं तिला. खोड आहे ती. तू तुझ्या भाकरी बघ." आई परत जाते. मी रेघेच्या मागे जाऊन बसते. फूल होतं की नव्हतं, ते मला कळलं नाही.

असं दोन वर्षं चाललं. फळ्यावरचं मला दिसत नव्हतंच. शेजारणीच्या वहीतून उतरवून घ्यायचे. बसस्टॉपवर बस आली की बाजूच्या बाईला विचारायचे, ही पंचवटीची का. एकदा एक बाई दुसरीला म्हणाली, एवढी मोठी झाली, शाळेत घातलेलं दिसत नाही. शेवटी दहावीत सहामाहीचे पेपर झाल्यावर गणिताच्या बाईंनी मला पुढे बोलावलं. माझी आकडेमोड बरोबर होती, पण फळ्यावर लिहून दिलेल्या गणितांतले आकडेच मी वेगळे उतरवले होते. त्यांनी तुम्हाला विचारलं नाही. शाळा सुटल्यावर स्वतः मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं आणि मग घरी सोडायला आल्या. तुम्ही पहिल्या पाळीवरून येऊन खुर्चीत बसला होतात. बाई उभ्यानेच म्हणाल्या, "साडेतीन नंबर आहे. डॉक्टर म्हणाले, हा कालपरवाचा नाही, लहानपणापासूनचा आहे."

तुम्ही म्हणालात, "टीव्हीने गेले डोळे. ऐकत नव्हती, पुढे जाऊन बसायची."

"टीव्हीने नाही," बाई म्हणाल्या. "दिसत नव्हतं म्हणून ती पुढे बसायची. आणि मी आठवीतच तिच्या हाती तुम्हाला चिठ्ठी दिली होती, डोळे तपासून घ्या म्हणून. मिळाली नव्हती का?"

तुम्ही खिशातला टेप काढून खुर्चीच्या हातावर ठेवलात. मग म्हणालात, "मिळाली होती. राहून गेलं."

राहून गेलं. ज्यांच्या हातून केसाएवढी चूक सुटत नव्हती त्यांचं हे राहून गेलं. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर फरशीवरची रेघ रॉकेलने पुसलेली होती, गुलाबी डाग तेवढा राहिला होता. मला वाटलं, आता तुम्ही जवळ बोलवाल, काहीतरी म्हणाल. तुम्ही म्हणालात, "चष्मा शाळेपुरता घाल. कॉलनीत नको." आणि स्टोव्ह काही पडवीतून आत आला नाही.

बारावी झाल्यावर पिंपळगावकडचं स्थळ आलं. बघायला यायच्या आदल्या दिवशी तुम्ही माझ्याकडून तालीम करून घेतलीत. चष्मा काढून ठेवायला लावलात, हातात रिकाम्या कपांचा ट्रे दिलात. "दारापासून पाच पावलं. मग डावीकडे. पहिली मुलाची आई, मग मामा, मग मुलगा. वर बघायचं नाही, म्हणजे प्रश्नच नाही." तीनदा, चारदा. पाचव्यांदा माझा पाय खुर्चीला लागला आणि कप वाजले, तेव्हा तुम्ही खुर्ची वीतभर मागे घेतलीत आणि म्हणालात, "पुन्हा." दादा, इतक्या शांतपणे तुम्ही माझ्याशी त्याआधी कधी बोलला नव्हतात. धाकटी दारात उभी राहून रडत होती. दुसऱ्या दिवशी मी एक थेंबही सांडला नाही. मुलगा कसा होता ते मला धाकटीने सांगितलं.

लग्नानंतर आठ-दहा दिवसांत कळायचं ते कळलं. दारात कोण आलंय ते मी आवाजावरून ओळखायचे, आणि एकदा स्टँडवर हे समोर येऊन उभे राहिले तरी मी ओळखलं नाही. रात्री नव्हे, तिथेच, माणसांत, ह्यांनी हळूच विचारलं, "तुला लांबचं दिसत नाही का?" घरी येऊन मी ट्रंकेतून ब्लाउजपीसमध्ये गुंडाळलेला चष्मा काढला. ह्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "एवढंच ना? आधी सांगितलं असतं तरी मी होच म्हणालो असतो." त्या वाक्याने मला बरं वाटायला हवं होतं. मला फार राग आला, आणि तो ह्यांचा नव्हता.

सासूबाईंना मात्र ते लागलं. पहिल्या माहेरपणाला त्या स्वतः माझ्याबरोबर नाशिकला आल्या. भांडायला आल्या नव्हत्या. चहा घेऊन झाल्यावर म्हणाल्या, "दादा, पोरगी गुणाची हाय. पण चष्म्याचं आम्हाला सांगायला पायजे व्हतं." मी तिथेच उभी होते, चष्मा लावून, तुमच्यापासून चार हातांवर. तुमचा चेहरा मला पहिल्यांदा इतक्या लांबून स्पष्ट दिसत होता. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. टीव्हीकडे हात करून म्हणालात, "आमच्याकडे होती तोवर डोळे चांगले होते तिचे. हा टीव्ही तिथे, आतल्या खोलीत बसून दहा फुटांवरून बघायची. नंतर कुठे काय झालं, ते तुमचं तुम्ही बघा."

सासूबाई उठल्या. आई पडवीच्या दारात होती, तिने पदर तोंडाला लावला. धाकटीने तोंड उघडलं आणि तुमच्याकडे बघून मिटलं. परत जाताना बसमध्ये सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. पुढे कितीतरी वर्षं त्यांना वाटत राहिलं की त्या घरात खोटं बोलायला मीही सामील होते. त्या दिवसानंतर मी तुमच्याकडे सणाला आले, आजारपणाला आले, पण मुक्काम कधी केला नाही. तुम्ही विचारलंही नाहीत. तुम्ही गेल्यावर तेराव्याच्या दिवशी आई म्हणाली, "ती शाळेची चिठ्ठी आली तेव्हा मला वाचून दाखवली होती त्यांनी. म्हणाले, आत्ताच चष्मा लागला तर उद्या पोरीला करून कोण घेईल. दुसरीही मागे आहेच. मग फाडून स्टोव्हखाली घातली." म्हणजे दोन वर्षं तुम्हाला माहीत होतं. मी पुढे का सरकते, हे माहीत असताना तुम्ही मला रेघेमागे बसवत होतात. कानाखाली मारलीत तेव्हाही माहीत होतं. आईलाही माहीत होतं. तिने निदान एकदा तोंड उघडलं.

लोक म्हणतात, आईबापांनी पोरीच्या काळजीनेच सगळं केलेलं असतं. असेल. मला त्या काळजीचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही. नवा टीव्ही काल भिंतीवर बसवून गेले. मी सोफा कुठे ठेवायचा ते सांगितलं नाही, ह्यांनाच ठरवू दिलं.

एक गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितलेली नाही, ह्यांनाही नाही. बाईंनी आठवीत दिलेली ती चिठ्ठी पाकिटात होती, पण पाकीट नीट चिकटलेलं नव्हतं. घरी येताना पाण्याच्या टाकीमागे उभी राहून मी ती डोळ्यांजवळ धरून वाचली. आमच्या वर्गात एकीला चष्मा होता आणि सगळ्या तिला काय म्हणायच्या ते मला माहीत होतं. तुम्ही ती वाचून काही बोलला नाहीत तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. दोन वर्षं मीही गप्प बसले, रेघेमागेसुद्धा. तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि तुम्ही बेचाळीस, हे मी दरवेळी स्वतःला सांगते. हे पत्र कुठे टाकायचं नाही म्हणून एवढं लिहिता आलं.