माहेरच्या टेबलावरचे डाग

वकीलसाहेब,

काल घरी कोणी आलं नव्हतं, असं तुम्ही म्हणालात. मग माझ्या माहेरच्या सागवानी टेबलावर गरम कपांचे दोन पांढरे डाग कसे पडले? शेजारच्या पार्वतम्मांनी पोलिसांच्या अमीनसाहेबांना आपल्या पायऱ्या उतरताना पाहिलं. माझा भाऊ विरुपाक्ष बेंबळी गावात लपला आहे, हे त्यांना सांगायची एवढी घाई होती, की कपाखाली बशी ठेवायचंही सुचलं नाही?

डाग वरच्या पॉलिशातच आहेत. चाळलेली राख खोबरेल तेलात कालवून लाकडाच्या रेघांच्या दिशेनं हलकेच चोळा. जोर लावू नका. तशी तुम्हाला सवयही नाही.

तुम्ही हे वाचाल तोवर विरुपाक्षनं बेंबळी सोडलेली असेल. आम्ही दोघं कुठं गेलो, ते लिहीत नाही. लिहिलेलं तुम्ही अमीनसाहेबांना वाचून दाखवाल.

शिवकांता