पुन्हा तीच तार

अमरावती,
सोमवार, ६ मे १९६८

तीर्थस्वरूप दादास,

मैनाचा नमस्कार. शिरसाष्टांग लिहायचा प्रघात आहे, पण हात तिथपर्यंत जात नाही, म्हणून साधाच घे. मी बरी आहे. तुझे गुडघे कसे आहेत? अकोल्याला यंदा ऊन फार तापलंय म्हणतात. जठारपेठेतल्या घराला तू वाळ्याचे पडदे लावलेस, हेही कळलं. कसं कळलं ते पुढे येईलच, घाई करू नकोस.

पाच वर्षांनी बहिणीचं पत्र आलंय तर आधी तिची खुशाली ऐक. तुझ्या लेकीच्या, शालूच्या नावानं तू माझ्या पत्त्यावर केलेली तार शनिवारी मिळाली. तिच्याबद्दल लिहितेच. माझा पत्ता तुला माहीत होता, हे मला त्या तारेमुळे कळलं. इतकी वर्षं वाटायचं, बिचाऱ्याला पत्ताच सापडत नसेल.

मी इथं कॉलेजात गणित शिकवते आणि संध्याकाळी कम्प्युटरचा वर्ग घेते. 'कम्प्युटर कुठं आहे?' असं गावातले लोक विचारतात. मुंबईला आहे, असं सांगितलं की हसतात. तूही हसशील. पण माझे विद्यार्थी चौकटींच्या कागदावर यंत्राला द्यायच्या सूचना लिहितात, एका चौकटीत एक अक्षर. ते कागद पुठ्ठ्यात बांधून बडनेऱ्याहून मुंबईला रवाना होतात. मी ज्या संस्थेत तीन वर्षं काढली, तिथल्या मुली त्यांवरून कार्डांना भोकं पाडतात आणि यंत्राला खाऊ घालतात. आठ-दहा दिवसांनी उत्तर येतं. बहुतेकदा उत्तर एवढंच असतं की तुमचा एक स्वल्पविराम राहिला. मग पुन्हा बडनेरा, पुन्हा आठ-दहा दिवस.

म्हणून मी वर्गात एक शिस्त लावलीय. कागद बांधण्याआधी एकानं सूचना मोठ्यानं वाचायच्या आणि दुसऱ्यानं यंत्र व्हायचं. यंत्र झालेल्यानं स्वतःची अक्कल वापरायची नाही. जे ऐकलं तेच पाटीवर करायचं, वेडगळ असलं तरी. चूक मग सगळ्यांना दिसते. शिकलेल्या माणसांना हे फार जड जातं. त्यांना मधेच शहाणपण सुचतं. शालू इथल्या वसतिगृहातून वर्गाला यायला लागली, तिला मात्र पहिल्या दिवशीच जमलं. तुझ्या घरात वाढलेली पोर, सांगितलेलं निमूट करायची सवय. तिच्याइतकं चांगलं यंत्र मला आजवर मिळालं नव्हतं.

रागावलास? रागाव. अजून सुरुवातच आहे.

या यंत्राची एक गोष्ट सांगते. त्याला खोटा आकडा दिला, तर ते भांडत नाही. तो खरा मानून शेवटपर्यंत बिनचूक हिशेब करतं. वर्गात हे शिकवताना दर वर्षी मला बडनेऱ्याचा फलाट दिसतो.

तुला आठवतो का? सत्तावन्न सालचा जून. बी. एस्सी.ला गणितात मी पहिली आले होते, मुंबईला नोकरी मिळाली होती आणि कॉलेजातले दाखले घेऊन अमरावतीहूनच निघालेली मी बायकांच्या डब्यात खिडकीशी बसले होते. गाडी सुटायला आली आणि तू धावत आलास. घामानं सदरा भिजलेला. खिडकीचे गज धरून म्हणालास, "मैना, उतर. माय शेवटच्या घटका मोजून राहिली. तुलेच बोलावते."

मी उतरले. तीच गाडी पुढे अकोल्यावरून जाते, हेही मला सुचलं नाही. माझी ट्रंक तू स्वतः उतरवलीस. अकोल्यापर्यंत मी पदर तोंडात कोंबून बसले होते आणि तू माझ्या पाठीवरून हात फिरवत होतास. तो हात मी विसरलेली नाही. घरी आले तर आई चुलीपुढं भाकरी थापत होती. मला बघून तिच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "काहून आली वं परत?" एवढंच ती म्हणाली. ओसरीवर मला बघायला आलेले पाहुणे बसले होते.

मुंबईची जागा गेली. ते स्थळही पुढे मोडलं. दोन वर्षं तू मला घरात बसवलंस. शेवटी तू अकोटला कापसाच्या जिनिंगवर गेला असताना आईनंच मला भरदुपारी नागपूरच्या गाडीत बसवलं, हे तुला ठाऊक आहे. त्याबद्दल तिला काय काय ऐकावं लागलं, ते मला आत्ता कळलं.

आता त्रेसष्ट साल. मला हा भाग लिहायचा नव्हता. पेन दोनदा खाली ठेवलं.

नागपूरहून पुढे मी मुंबईला पोचले होते, तिथं यंत्रावर काम शिकत होते. तुझी तार आली. 'मदर सीरियस. स्टार्ट इमिजिएटली. पुंजाराम.' मी हसले, दादा. हातातल्या कार्डांच्या गठ्ठ्याखाली तार सरकवली आणि मैत्रिणींना म्हणाले, आमच्याकडे लग्नाचं बोलावणं असंच येतं. त्या दिवशी मी पोटभर जेवले. दोन दिवसांनी दुसरी तार आली, तिच्यात आई नव्हती.

तेरवीला मी आले तेव्हा तू ओट्यावरच मला अडवलंस. "आता काहून आली? मशीनीनं सुट्टी देली का?" भरल्या मांडवात. जठारपेठेत अजून सांगतात म्हणे, की पुंजारामच्या बहिणीला आईपेक्षा मशीन मोठी झाली. तू कोणाला कधी सांगितलंस का, की आधी एकदा तू तिला जिवंतपणी मारलं होतंस? मी पाच वर्षं स्वतःला शिव्या देत जगले. त्यातल्या निम्म्या तरी तुझ्या वाट्याच्या होत्या.

आता परवाची तार. शालूची परीक्षा संपली आणि ती वसतिगृहातून घरी न जाता माझ्याकडे आली. रविवारी, बारा तारखेला, तिचं साक्षगंध तू ठरवलंयस. दर्यापूरचं स्थळ, काळी कसदार जमीन, मुलाला शिकलेली बायको हवी पण नोकरी करणारी नको. शालूनं नाही म्हटलं होतं, ते तू ऐकलं नाहीस. तिला परत कसं आणायचं, हा प्रश्न पडल्यावर तुला काय सुचावं? 'मदर सीरियस. स्टार्ट इमिजिएटली. पुंजाराम.' शब्दसुद्धा बदलले नाहीस. मेहनत करायचा तुला पहिल्यापासून कंटाळा.

पण दादा, तुझी एक छोटीशी चूक झाली.

तारवाला आला तेव्हा शालू आणि मी आत होतो. अंगणात कुरडया घालणाऱ्या बाईनं हात पुसून तार घेतली आणि आत हाक मारली, "मैनाबाई, तार आली वं! पाय बरं कोनाची हाये." ती तुझी बायको होती.

हो, इंदूवहिनी. साक्षगंधाला भावाला बोलवायला अकोटला जाते म्हणून तुझ्या घरून निघाली ना? गेली होती. भावाकडे एक रात्र राहिली आणि दुसऱ्या दिवशी एस. टी.नं इथं आली. वाळ्याचे पडदे तिनंच सांगितले.

शालूनं तार वाचली. मग आईकडे बघून म्हणाली, "आई, तुयी तब्येत लय खराब हाये म्हनते बाबा." वहिनी फणकारली. "मी मरून राहिली काय वं? मंग ह्या कुरडया कोन घालून राहिलं?" आम्ही तिघी इतक्या हसलो की शेजारच्या आशाबाई भिंतीवरून डोकावल्या.

हसणं थांबलं तशी वहिनी रडायला लागली. तिनं जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत लिहिते, म्हणजे तुला आठवेल. "सासूबाईच्या टायमाले मी ह्यायचे पाय धरले होते. म्हनलं, तारेत खाली माह्यं नाव टाका. तुमच्या नावानं मैनाबाई येत नाई, माह्यावर तिचा इस्वास हाये. तर म्हनते, बायकायच्या नावानं तारा करत नसतेत. सासूबाई दोन दिस दाराकडे पायत होत्या."

म्हणजे तुला माहीत होतं. मी विश्वास ठेवणार नाही हे तुला पक्कं माहीत होतं, आणि एक नाव लिहिलं असतं तर मी आले असते, हेही. तू ते नाव लिहिलं नाहीस.

हे ऐकेपर्यंत मी शालूला समजावून घरी पाठवायच्या विचारात होते, खरं सांगते. बापाशी समोर बसून बोल, असं म्हणणार होते. आता नाही. तुझी मुलगी मी ठेवून घेतली आहे आणि मला त्याचा आनंद होतोय, बाईमाणसाला आणि मास्तरणीला शोभणार नाही एवढा. काल शालूनं विचारलं, "आत्या, बाबाले जळवायसाठी ठेवून घेतलं का मले?" मी म्हटलं, थोडं तेही आहे. ती विचार करून म्हणाली, "चालते. मले जायचंच हाये." पोर माझ्यापेक्षा शहाणी आहे, कोणाच्या सांगण्यावरून ती गाडीतून उतरणार नाही.

तिला मुंबईला माझ्याच जुन्या संस्थेत शिकाऊ म्हणून घेतल्याचं पत्र गेल्या महिन्यातच आलंय. शनिवारी, अकरा तारखेला, दुपारच्या गाडीनं ती बडनेऱ्याहून निघेल. मी मुद्दाम कळवतेय. बुधवारपर्यंत हे पत्र तुझ्या हातात पडेल आणि तुला यायला भरपूर वेळ मिळेल. ये. रस्ता तुझ्या ओळखीचा आहे, फलाटही तोच आहे. बायकांच्या डब्याच्या खिडकीशी ये, गज धर आणि शालूला सांग की तुझी आई शेवटच्या घटका मोजतेय. आई तिच्या शेजारीच बसलेली असेल. वहिनी मुंबईपर्यंत सोबत जाणार आहे. तिनं अजून समुद्र पाहिलेला नाही. परत कधी येणार, असं मी विचारलं, तर म्हणाली, "तब्येत सुधरली की पाहू."

दर्यापूरच्या पाहुण्यांना काय सांगायचं ते तुझं तू बघ. एखादी तार कर.

घरात आता थोर कोणी उरलं नाही, म्हणून वडीलधाऱ्यांना नमस्कार सांग असं लिहिता येत नाही. आईचा फोटो तेवढा आहे. त्याच्यापुढं उभा राहा आणि तिला सांग, की मैना का आली नाही. एकदा तरी तिला खरं सांग.

बडनेऱ्याला तुझ्या शब्दावर उतरलेली,
मैना