जुन्या आवृत्तीवर परत

मंगळवार, १९ नोव्हेंबर

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही बऱ्या असाल. इकडे सगळे मजेत आहेत. सासूबाईंचा गुडघा आता पुष्कळ बरा आहे, जिना एकट्या उतरतात आणि उतरताना जिन्याला नावं ठेवतात. स्टुडिओत कामातून उसंत नाही. सर्व्हर त्या दिवसापासून तक्रार न करता चालू आहे. फोनवर तुमचे नीट आभार मानायचे राहून गेले, म्हणून हे पत्र.

फोन पुन्हा करता आला असता, पण तुम्ही लगेच "अगं, त्यात काय एवढं" म्हणता आणि विषय तिथेच संपतो.

देखभालीच्या माणसानं मदरबोर्डवर बायोसची नवी आवृत्ती टाकली आणि तो हात झटकून गेला, हे तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू झालं, पण डिस्क जोडलेलं कार्ड त्याला दिसेचना. मागच्या आठवड्याचं सगळं रेकॉर्डिंग त्या डिस्कवर होतं आणि त्याची दुसरी प्रत अजून काढलेली नव्हती. ज्या ज्येष्ठ नटाचा तो आवाज, त्यांच्या घशाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. त्यांना परत माईकसमोर बसवणं शक्यच नव्हतं.

सासूबाईंनी विचारलं, "बायोस म्हणजे काय गं?"

म्हटलं, "मशीन जागं झालं की त्याला त्याचे हातपाय कुठे आहेत ते सांगतं, ते."

"मग आमच्या सुनेला विचार की. तिनंच बसवलंय ना ते?"

आमची सून म्हणजे तुम्ही. मी म्हणजे 'ही'. "ही जेवली का, हिला सांग." त्यांच्या मनात काही नसतं, मला ठाऊक आहे. पण भाजी चिरता चिरता माझी सुरी जरा जोरातच आपटली.

आणि तो, आधी तुमचा आणि आता माझा नवरा, काय म्हणाला सांगू? "तिला फोन कर. त्या मशीनची नस तिलाच सापडते." ते मशीन मी पुसते, मी उघडते, पंखे मी बदलते. तुम्ही गेल्यावर त्याला हात लावणारी मी एकटीच. तरी नस तुमच्याच बोटांत!

म्हणून मी सकाळभर फोन केलाच नाही. एकटीनं झटले. बायोस बदलायचं नेहमीचं साधन जुनी आवृत्ती घ्यायलाच तयार नव्हतं, दर वेळी नकार. जबरदस्तीनं घालायचा एक पर्याय होता, पण मध्येच काही चुकलं तर बोर्ड कायमचा मुका. दुपारी दार लावून घेतलं आणि तुम्हाला फोन केला.

"बोल गं," म्हणालात, जणू रोजच बोलतो आपण.

मग एकेक सांगत गेलात. यूपीएस पूर्ण चार्ज आहे का बघ. सेटिंग्जच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेव. मशीन बंद कर, पण वायर काढू नकोस. मागच्या वेगळ्या नेटवर्क पोर्टला लॅपटॉप लाव. मशीन झोपलेलं असलं तरी ते दार उघडं असतं, जुनी आवृत्ती तिथूनच आत जाते. तो कसा आहे, ही साधी चौकशीसुद्धा तुम्ही केली नाहीत. तेही मला लागलं. ज्याला कशाची धास्तीच नाही, त्यालाच इतकं निवांत बोलता येतं.

आवृत्तीचा आकडा तुम्ही तोंडपाठ सांगितलात. मग म्हणालात, "माझ्यानंतर त्यात काही बदललंय का?"

मी म्हटलं, "नाही."

"मग बिनधास्त टाक."

थोड्या वेळानं मी म्हणाले, "ताई, थांबा. प्रोसेसर मी बदललाय. नवा आहे. तुम्ही सांगताय ती आवृत्ती त्याला ओळखणार नाही."

तुम्ही म्हणालात, "अगं, मग आधी का नाही सांगितलंस?"

"विसरले," मी म्हटलं.

ताई, मी विसरले नव्हते.

तुम्ही आकडा सांगितलात तेव्हाच मला कळलं होतं, ही फार जुनी. ही टाकली की पडदा काळाच राहणार. कदाचित त्याच दारानं परत नव्या आवृत्तीवर येता आलं असतं, कदाचित नसतंही. आणि मला बरं वाटलं. खरंच सांगते, आतून गार वाटलं. म्हटलं, होऊ दे. त्याला सांगेन, "तू म्हणालास म्हणून ताईंना विचारलं, त्यांनी सांगितलं तसंच केलं." एकदा तरी त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, की तिचं चुकलं. त्या बिचाऱ्या नटाचा आवाज माझ्या डोक्यात कुठेच नव्हता.

फाइल निवडलेली होती. बटण तेवढं दाबायचं होतं. आणि तुम्ही पलीकडून म्हणालात, "घाबरतेस की काय? बिघडलंच तर माझं नाव सांग."

जे मी चोरून घ्यायला निघाले होते, ते तुम्ही हातावर ठेवलंत. मग बोट पुढे जाईना. तेव्हा प्रोसेसरची आठवण 'आली'.

पुढचं तुम्हाला माहीत आहेच. मधली आवृत्ती शोधली, बोर्डवर छापलेल्या नंबराशी ताडून पाहिली, टाकली. लॅपटॉपच्या पडद्यावरची पट्टी हळूहळू पूर्ण भरली. नंतर सेटिंग्ज मूळपदावर आणून फोटोंवरून पुन्हा भरली, मशीन सुरू केलं आणि डिस्क एकेक करून दिसू लागल्या. मी रडले ते आनंदानं नाही.

संध्याकाळी त्यानं तुम्हाला फोन केला. मी काचेच्या या बाजूला होते. स्टुडिओची काच, आवाज येत नाही; तो हसताना तेवढा दिसत होता, मान मागे टाकून. माझ्याशी बोलताना तो तसा हसत नाही. बाहेर आला आणि म्हणाला, "ती म्हणते, तिनंच चुकीची आवृत्ती सांगितली होती. तू होतीस म्हणून बोर्ड वाचला." मला जे ऐकायचं होतं, तेच शब्द. आणि तेही तुम्हीच दिलेले. मी हसले, आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

इतकं चांगलं वागू नका हो माझ्याशी. वाईट वागलात तर निदान तुमचा राग तरी करता येईल.

हे त्याला सांगितलेलं नाही. सांगायचं की नाही ते मी बघेन. तुम्हाला सांगितल्यावाचून मात्र झोप लागेना.

नवा सर्व्हर घ्यायचं चाललंय. तो म्हणाला, "तिला एकदा विचारू या." मी म्हटलं, नको. तो मी निवडणार आहे, चुकला तर माझा चुकेल. त्यानं तुम्हाला विचारलंच, तर कृपा करून सांगा, की हिला विचार.

कळावे. लोभ असावा असं लिहायचं तोंड मला नाही. राग असला तर तो माझ्याच नावानं पाठवा. त्याच्याकडून निरोप नको.

तुमची,
तुमच्यावर जळणारी