शेपटीपुरती जागा

पवनार, सोमवार

प्रिय अंजू,

हे पत्र फाडणारच असशील तर आधी अर्धं तरी वाच. फोन केला की तुझा गजेंद्र म्हणतो, आई आंघोळीला गेली आहे. तीन महिने झाले. तुमच्या बोरगाव मेघेला एवढं पाणी येतं तरी कुठून, याचंच मला नवल वाटतं. शेवटी म्हटलं, पत्रच लिहावं.

आपल्या अंगणवाडीला नवा रंग दिला. भिंतीवरचा हत्ती आता निळा झालाय आणि पोरं त्याला घाबरतात. नवी सेविका गुणी आहे, पण रजिस्टर माझ्यासारखं नेटकं ठेवत नाही. हसू नकोस. बावीस वर्षं मी सेविका आणि तू मदतनीस. मी खुर्चीवर बसून पोरांची वजनं लिहायची, आणि पोरं सांभाळायचीस तू. खिचडी शिजेपर्यंत भुकेल्या पोरांनी रडू नये म्हणून हातात पळी धरूनच तू म्हशीची आणि बगळ्याची गोष्ट सांगायचीस.

बगळा रोज म्हशीच्या पाठीवर बसून धाम नदीच्या काठाने फिरायचा. एक दिवस म्हैस अडून बसली, "रोज तूच माह्या पाठीवर. आज माही पाळी!" बिचारा बगळा दिवसभर विचार करून वाळला. संध्याकाळी पंख पसरून जमिनीवर पालथा पडला आणि म्हणाला, "बस. पण हळू बसजो." म्हैस त्याच्या शेजारी बसली आणि आपली नुसती शेपूट अलगद त्याच्या पाठीवर ठेवली. तरी बगळा ओरडलाच, "कित्ती जड हायेस वं तू!" इथे पोरं लोळायची आणि तोवर खिचडी शिजायची.

निवृत्तीनंतर मी ती गोष्ट कागदावर उतरवली. नागपूरच्या एका प्रकाशकाने रंगीत चित्रं घालून तिचं पुस्तक केलं. पहिली प्रत मी तुलाच पाठवली, सोबत चिवड्याचा डबा. आठ दिवसांनी पुस्तक परत आलं आणि डबाही. डबा घासून लख्ख केलेला, आणि रिकामा. बावीस वर्षांत तू माझा डबा कधी रिकामा परत केला नव्हतास. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायचीस. मला राग आला. हिला माझं कौतुक बघवत नाही, असं मी शेजारच्या शोभाबाईंना चक्क बोलून दाखवलं.

गेल्या शुक्रवारी अंगणवाडीत पुस्तक वाचायला बोलावलं होतं. ठेवणीतली साडी नेसून गेले. वाचलं. एकही पोर हसलं नाही. हसणार कसं? शेपूट मीच काढून टाकली होती. पुस्तक म्हटलं की शिकवण हवी, म्हणून माझा बगळा शेवटी म्हशीला सांगतो, खऱ्या मैत्रीत कुणी किती दिलं ते मोजू नये. आपली ती शेंबडी रोशनी आठवते ना? तिची मुलगी आता तिथे येते. रोशनी मागून उठली आणि म्हणाली, "बाई, तुमी गोष्ट चुकवून राह्यल्या. अंजूमावशी असं नव्हती सांगत." तिने मुलीला पालथं झोपवलं, शेजारी बसली आणि स्वतःची वेणी तिच्या पाठीवर ठेवली. पोरं काय हसली म्हणून सांगू! मीही हसले. मग रोशनीने पुस्तक मिटून वरचं पान पाहिलं आणि विचारलं, "मावशीचं नाव कुठी हाय?"

मी म्हटलं, राहून गेलं. अंजू, ते खोटं होतं. गोष्ट कुणाची, असं प्रकाशकाने फोनवर विचारलं होतं आणि मी म्हटलं होतं, माझी. मदतनिसाचं नाव कशाला, असं तेव्हा मनात आलं होतं. ते आलं याची मला लाज वाटते. शोभाबाईंनाही हे सगळं सांगून आले.

पहिल्या प्रती संपत आल्या आहेत आणि प्रकाशक पुस्तक पुन्हा छापणार आहे. मी त्यांना सगळं खरं सांगितलं. ते चिडले, आणि चिडायलाच हवं होतं. आता शेपूट परत येईल आणि वर तुझं नाव असेल. खाली बारीक अक्षरात, लिहून घेणारी म्हणून माझं. पण त्यासाठी कागदावर तुझी सही लागते. तुझी सही नसेल तर पुस्तक छापू नका, असं मी त्यांना कळवून टाकलंय. रविवारी दहाच्या बसने तो कागद घेऊन येते. आंघोळ चालू असली तर ओट्यावर थांबेन, कितीही वेळ. डबा भरून आणते, तो पुन्हा रिकामा परत केलास तरी चालेल. बावीस वर्षं मी तुझ्या पाठीवर बसले, अंजू. आता तुझी पाळी. सगळा राग सोडू नकोस हवं तर. नुसती शेपूट ठेवजो.

कित्ती जड म्हणून ओरडायला आतुर,
तुझीच,
कमल